बारा कॉम्प्युटर आणि बिरूआप्पा

बिरूआप्पा क्लासात आले की कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, आधी कॉम्प्युटरच्या पाठीवर उलटा हात ठेवायचे. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "ताप न्हाई. चालू करा, बाई."

"आप्पा, तो बंद आहे. बंद असताना ताप कुठून येणार?"

"म्हनून तर आत्ता बघायचा. चालू केल्यावर आला तर त्यो कामाचा. आधीपासनं असला तर रोगाचा."

मग ते सात नंबरच्या खुर्चीवर मांडी घालून बसायचे. चाकं लावलेल्या खुर्चीवर मांडी घालून बसणारा आणि तरीही न पडणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. फ्लॉपी अजून खिशातून फिरत होती आणि सीडी जपून कागदात गुंडाळली जात होती, ते दिवस. बारा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि एक टेलिफोन, ज्याची वायर जोडली की इंटरनेट कण्हत कण्हत यायचं. बारा कॉम्प्युटर एकमेकांना वायरींनी जोडलेले. दारासमोर माझी पदवी काचेत लावलेली. आमच्या वाडीतली पहिली बीएस्सी मीच. माझ्याआधी घरात कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. ती पदवी मी मुद्दाम अशा जागी लावली होती की जिना चढणाऱ्याला आधी ती दिसावी, मग मी. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

बिरूआप्पा सरकारी गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. आधी वरवंडला, मग दौंड तालुक्यात इकडं तिकडं, आणि शेवटची वर्षं शिरूरला. डॉक्टर सुई द्यायचे आणि आप्पा जनावर धरायचे. पण गावातल्या लोकांचा भरवसा सुईपेक्षा धरणाऱ्यावर जास्त. सगळे त्यांनाच डॉक्टर म्हणायचे, आणि खरे डॉक्टर बिचारे 'सायेब'वर भागवायचे. आप्पांचं घराणं मेंढरं राखणारं. नोकरी लागल्यावरही चाळीस मेंढ्या त्यांनी ठेवल्या होत्या. रिटायर झाल्यावर गुडघ्यांनी साथ सोडली, मेंढ्या विकल्या, आणि तिसऱ्या महिन्यात ते माझ्या माडीवर हजर झाले.

"काय शिकायचंय आप्पा?"

"जे शिकवताय ते."

"कशासाठी?"

"तुम्ही काय इचारून शिकवता का?"

सरकारमान्य तीन महिन्यांचा कोर्स होता. शेवटी कॉम्प्युटरवरच परीक्षा, आणि पास झालं की प्रमाणपत्र. माझे बहुतेक विद्यार्थी रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्यांतले. सकाळची पाळी करून दुपारी यायचे, नाही तर दुपारच्या पाळीआधी सकाळी. सगळ्यांना बढतीसाठी हा कागद हवा होता. आप्पांना बढती कुठली? पण त्यांची एक दिवस गैरहजेरी नाही. आठच्या बॅचला पावणेआठला हजर. आठची सुटली की नऊच्या बॅचला मागच्या बाकावर. मी एकदा म्हटलं, "आप्पा, हाच धडा मघाशी झाला की." तर म्हणाले, "मघाशी तुमची चूक झाली हुती, ती सुधरून घेतली का बघायला बसलोय." आणि चूक खरंच झाली होती.

टायपिंगमध्ये त्यांचा जीव रमला नाही. एका बोटानं, कोंबडी दाणे टिपते तसं टिपायचे. तक्ते, पत्रं, रंगीत चित्रं, सगळं ऐकून घ्यायचे आणि जांभई द्यायचे. पण आठव्या धड्यात मी फळ्यावर 'कॉम्प्युटर व्हायरस' असं लिहिलं आणि आप्पांनी मांडी सोडली. पाय खाली टेकले. मला वाटलं चक्कर आली.

"म्हंजी ह्याला रोग व्हतो?"

"होतो."

"मग इतके दिस काय झाकून ठिवलंवतं?"

त्या दिवसापासून माझा आठवा धडा माझा राहिला नाही. आप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "लक्षान सांगा, नाव नंतर." मी नाव सांगून अर्थ सांगायची. ते नाव बाजूला ठेवायला लावायचे. काय खातो, कसा पसरतो, कधी उठतो, हे आधी. मग ते स्वतःच निदान करायचे.

व्हायरस एखाद्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल उघडली की दुसऱ्या फाइलींना धरतो, असं मी सांगितलं. "गोचीड," आप्पा म्हणाले. "अंग पायजे त्याला. अंगाला अंग लागलं की चालला पुढं."

दुसरा प्रकार वर्म. पुस्तकात किड्याचं चित्रच होतं. याला फाइल लागत नाही, कुणी काही उघडायला लागत नाही, वायरीतून आपल्या पायानं या मशिनीतून त्या मशिनीत जातो. आप्पांनी चित्र बघून नाक मुरडलं. "नाव देनारानं जनावर पाळलेलं न्हाई. किडा, जंत एका पोटात पडून ऱ्हातो. ह्यो गावभर फिरतो. ही लाळ-खुरकूत हाय बाई. वाऱ्यानं येती. एक लाळ गाळाय लागलं की समजायचं, आळी गेली."

तिसरा ट्रोजन. कामाचा प्रोग्राम म्हणून येतो आणि पोटात भलतंच असतं. मी लाकडी घोड्याची गोष्ट सांगितली. शहराच्या दारात भलामोठा घोडा ठेवला, लोकांनी भेट समजून आत ओढला, आणि पोटातून सैनिक निघाले. सगळी बॅच खूश झाली. आप्पा मात्र चिडले.

"एवढं घोडं दारात आलं आन् एकानंबी पोटावर टिचकी मारून बघितली न्हाई?"

"आप्पा, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असली तरी काय झालं? पोट वाजवलं की कळतं. भरलेलं येगळं वाजतं, गाभन येगळं वाजतं, पोकळ येगळं वाजतं. गावात एकबी पट्टीबंधक नसंल त्यांच्या."

चोरून माहिती पाठवणारा स्पायवेअर म्हणजे बाजारातला दलाल. चहा पिऊन जातो, काही नेत नाही, पण कुणाच्या गोठ्यात काय बांधलंय ते चार गावांना कळतं. आणि ठरावीक तारखेपर्यंत निपचित पडून राहून मग उठणारा? "पिसाळलेलं कुत्रं चावल्यावानी. म्हैना-दीड म्हैना मानूस हसतंय, जेवतंय." एवढं बोलून ते थांबले. वर्गही थांबला. पुस्तकातली अडीच पानं मी दोन वर्षं शिकवत होते, पण कुणी गप्प झालं नव्हतं.

सणसवाडीत खोली घेऊन राहणारा रामनरेश माझ्याकडं शिकायचा. तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, किताब में तो समझा नहीं था. चाचा ने बताया तो डर भी लगा, समझ में भी आया."

मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. बीएस्सी मी होते.

मग आप्पांनी एक वही घातली. कव्हरवर 'काम्पुटर रोग नोंद'. गावात कुणाचा कॉम्प्युटर आजारी पडला की आप्पा तिथं हजर. डीटीपीवाला, फोटो स्टुडिओ, इंटरनेटचं दुकान, झेरॉक्सवाली बाई. दौंडला थोरली लेक दिलेली, तिच्याकडं गेले की तिथल्या स्टेशनाजवळच्या कॅफेत तास-तास बसायचे. इलाज काही करायचे नाहीत. विचारायचे आणि लिहायचे. लक्षण काय, कधी उठलं, आधी कुणाकडं होतं, कशानं गेलं. डीटीपीवाला माझ्याकडं येऊन म्हणाला, "म्याडम, तुमच्या म्हाताऱ्याला आवरा. गिऱ्हाईक पत्रिका छापायला येतंय आन् हे माझ्या मशिनीला विचारतेत, जुलाब किती दिस झाले."

मी आप्पांना सांगून पाहिलं. "आप्पा, हे जनावर नाही. यंत्र आहे. यंत्राला शास्त्र लागतं."

"व्हय," आप्पा म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हनतो?" आणि वही पिशवीत घातली.

परीक्षा रविवारी होती. गुरुवारी दुपारी तीन नंबरच्या पडद्यावर एक खिडकी उघडली. साठ सेकंदांत मशीन बंद होणार, काम साठवून घ्या. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. आकडा शून्यावर आला आणि मशीन बंद. परत चालू केलं, परत तेच. संध्याकाळपर्यंत पाच मशिनी मोजायला लागल्या. शुक्रवारी सकाळी बाराच्या बारा.

पुण्याहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं, सोमवारी येतो. परीक्षा घेणाऱ्या कार्यालयानं सांगितलं, तारीख बदलत नाही. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी, आणि केंद्राची मान्यता ठेवायची का तेही बघू. अडतीस विद्यार्थी होते. सुनीताताई रांजणगावला पॅकिंगच्या लाइनवर नऊ वर्षं उभी होती. ऑफिसात एक जागा निघाली होती आणि महिनाअखेर प्रमाणपत्र दाखवायचं होतं. तिनं रविवारची पाळी लाइनवरच्या दोघींच्या हातापाया पडून बदलून घेतली होती. ती जिन्यात बसून राहिली.

शुक्रवार मी एकटीनं लढवला. कुणाला हात लावू दिला नाही. एक मशीन घ्यायची, घातकी फाइल हुडकून पुसायची, नीट चालली की वायर जोडायची आणि पुढच्या मशिनीकडं वळायचं. चौथीपर्यंत पोचले की पहिली पुन्हा मोजायला लागायची. दिवसभरात मी वीस वेळा मशिनी बऱ्या केल्या, आणि संध्याकाळी बाराही आजारी होत्या.

शनिवारी सकाळी आप्पा आले. दौंडला नातीच्या जावळाला गेले होते, त्यामुळं दोन दिवस नव्हते, साऱ्या कोर्सात पहिल्यांदाच. दारात उभं राहून त्यांनी माझं काम तीन मशिनींपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "बाई, रागावनार नसला तर इचारू?"

"विचारा."

"धुतलेली मेंढी परत त्याच वाड्यात का सोडताय?"

मी माऊस सोडून त्यांच्याकडं वळले.

"मेंढरांस्नी खरूज झाली की औशिदाच्या टाकीतनं काढत्यात. एक काढली आन् परत घोळक्यात सोडली तर संध्याकाळला तिला व्हायचीच. आधी समदी येगळी. मग समदी धुवायची, एकाच दिवशी, एकबी ठिवायची न्हाई. आन् सोडायची ती टोचून, एकेक करून. लक्षान बघा की. ही आपली लाळ-खुरकूत हाय. वायरीच्या वाऱ्यानं येती."

पुस्तकात हे होतं. मीच शिकवलं होतं, वर्म वायरीतून जातो. मी रोग काढत होते आणि वाट उघडी ठेवत होते. आजही लिहिताना कान गरम होतात.

"पण टोचायचं कशानं आप्पा? लस म्हणजे कंपनीची दुरुस्तीची फाइल. ती इंटरनेटवर आहे, आणि फोन जोडला की साठ सेकंदांत मशीन बंद. उतरवायला पंधरा मिनिटं लागतात."

आप्पांनी पिशवीतून वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि माझ्यापुढं धरलं. "दौंड, स्टेशनाजवळचं क्याफे. सोमवारी लागन. साठ मोजून बंद पडतंय. बुधवारी बरं. औशिद शीडीवर हाय."

त्या वहीला मी हसले होते.

आप्पा त्यांच्या फटफटीवर दौंडला निघाले, साडेआठला. रामनरेश आणि सुनीताताई आले होते, आम्ही तिघांनी बाराही मशिनींच्या वायरी काढल्या. टेलिफोनची वायर तर सुनीताताईनं ओढून काढून हातात धरूनच ठेवली, कुणी चुकून जोडेल म्हणून. जाताना आप्पा सांगून गेले होते, "रोगी जनावराला निशानी करा. न्हाईतर एक दोनदा धुतलं जातं आन् एक तसंच ऱ्हातं." खाली दुकानातून गेरू आणला आणि बारा कॉम्प्युटरांच्या कपाळावर तांबडे पट्टे ओढले. दोन दिवसांपूर्वी कुणी ओढला असता तर मी त्याला जिन्यावरून खाली पाठवला असता.

एकला आप्पा परत आले. खांद्याला दवाखान्यातला जुना लसीचा डबा, थर्माससारखा. झाकण उघडलं. आत बर्फ. बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत सीडी.

"आप्पा! हे काय केलंत?"

"लस हाय न्हवं? ऊन बघा किती हाय. तापली तर मरती."

सीडी बाहेर काढली तर घामेजलेली, दोन्ही बाजूंनी थेंब. मी ती ओढणीनं टिपली. रामनरेशनं फुंकर मारली. सुनीताताई म्हणाली, "पंख्याखाली धरा." आम्ही तिघं एका सीडीभोवती वाकून उभे, आणि आप्पा बाजूला कानकोंडे होऊन, डब्याचं झाकण लावताहेत, काढताहेत. दहा मिनिटांनी ती एक नंबरच्या मशिनीत घातली. मशीन घरघरली. थांबली. परत घरघरली. काहीच नाही. मी सीडी काढून पुन्हा पुसली, पुन्हा घातली.

उघडली.

"चला, धुवायला घ्या!" आप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले की खालचा दुकानदार वर आला.

मग काय विचारता. मी फाइल हुडकायची, पुसायची, सीडीवरून लस द्यायची. रामनरेश गेरू पुसून खडूची पांढरी रेघ मारायचा. सुनीताताई ओरडून नंबर सांगायची. आप्पा पाठीमागून बघत, "घाई न्हाई, नीट चोळा, कानामागं बघा." कॉम्प्युटरला कान कुठले हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. साडेपाचला बाराही मशिनींवर पांढरी रेघ होती. जोडायची वेळ आली.

"एकेक सोडा," आप्पा म्हणाले. "दहा मिनटं बघायचं. खोकलं की भाईर."

एक सोडली. दुसरी सोडली. दहा-दहा मिनिटं आम्ही पडद्यांकडं बघत बसलो. सात नंबरला आप्पांनी स्वतः वायर लावली. बारावी जोडली तेव्हा साडेसात झाले होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाराही पडदे शांत, निळे. एकही मोजत नव्हता.

"हुर्रर्र!" आप्पांनी कळपाला घालतात तशी हाळी घातली. सुनीताताई मला मिठी मारून रडली आणि मग तिलाच लाज वाटून हसली. रामनरेश टेबलावर ताल धरून गाऊ लागला. मी काचेतल्या माझ्या पदवीकडं बघितलं. ती मला तेव्हाही आवडत होती, फक्त त्या दिवशी ती एकटी दिसत होती.

रविवारी पुण्याहून निरीक्षक आले. पांढऱ्या रेघा बघून त्यांनी भुवया वर केल्या. "हे काय आहे?"

"धुवून झाल्याली हायती," आप्पांनी मी तोंड उघडायच्या आत सांगितलं. साहेबांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी शेऱ्यात लिहिलं : 'केंद्रातील संगणक स्वच्छ.'

चार बॅचमध्ये अडतीस जणांनी परीक्षा दिली. निकाल तिथंच पडद्यावर. सुनीताताईला शंभरात एक्याऐंशी. तिनं निकालाचा कागद प्रिंटरमधून निघता निघताच ओढला आणि घडीही न घालता, हातात उभा धरून जिना उतरली. सगळ्या स्टँडनं तो वाचला असेल. रामनरेशला शहात्तर. सदतीस जण पास.

नापास एकच. बिरूआप्पा.

माझा विश्वास बसेना. त्यांची उत्तरं काढून बघितली. 'वायरीतून स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम कोणता?' यापुढं त्यांनी निवडलं होतं : प्रिंटर. 'उपयुक्त असल्याचे भासवून नुकसान करणारा कोणता?' उत्तर : माऊस. पन्नास प्रश्नांतले चाळीस चुकवले होते, आणि चुकवतानाही असे की योग्य उत्तर ठाऊक असल्याशिवाय इतकं अचूक चुकता येत नाही.

सगळे गेल्यावर मी त्यांना गाठलं. ते खुर्चीवर मांडी घालून बसले होते. मी खरंच चिडले होते. "आप्पा, हा काय प्रकार? ज्या माणसानं काल हे केंद्र वाचवलं, त्यानं प्रिंटर लिहायचं?"

"चुकलं आसंल. वय झालं."

"खोटं बोलू नका."

आप्पा कीबोर्डवरून, न दाबता, बोट फिरवत म्हणाले, "नापास झाल्यावर परत तीन म्हैने बसता येतंय न्हवं?"

"येतं."

"आन् पास झाल्यावर?"

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"मेंढरं हुती तवा पहाटेपासनं आवाज हुता घरात. ती गेली. म्हातारी त्याच्या आधीच गेली. लेकी दिल्या. टीवी घेतलाय, पर त्यो आपलाच बोलतो, आपलं ऐकून घेत न्हाई. हितं मी काय म्हनलं तर बारा जनं माना वळवत्यात." ते हसले. "पास झालो, तर उद्याच्याला ह्या दारात येऊन काय म्हनू, पोरी? कशाला आलो म्हनून सांगू?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पोरी म्हटलं होतं.

"'आलो' म्हणा आप्पा," मी म्हणाले. "पुढं काही सांगायला लागत नाही."

त्यांनी फेरपरीक्षेचा अर्ज मागितला. आता पास व्हायला हरकत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवी बॅच होती. सगळे अनोळखी, घाबरलेले चेहरे. पावणेआठला जिन्यावर पावलं वाजली. दारात आप्पा, धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. आत न येता ते चौकटीत उभे राहिले, घसा खाकरला आणि साऱ्या माडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आलो!"

नव्या बॅचला वाटलं, सर आले. बाराच्या बारा जण उठून उभे राहिले.